सोप्या लिपीतले संथ वाचक

मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते आणि जशी लिहिलेली असते तशीच वाचायची असते, हे आपल्याकडे इतक्या अभिमानाने सांगितले जाते की त्यावर शंका घेणे कोणाला सुचतच नाही. सांगलीच्या गावभागातील ज्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी काम करते, तेथील काही मुलांना हा अभिमान फार महाग पडतो. इंग्रजी वाचता आले नाही तर घरचे आणि शाळेतले दोघेही समजुतीने घेतात, कारण इंग्रजीने त्यांनाही कधी ना कधी रडवलेले असते. पण स्वतःची मातृभाषा, तीही इतक्या सरळ लिपीतली, तिसरीत गेल्यावरही धड वाचता येत नसेल, तर पोर एक तर आळशी आहे किंवा मठ्ठ आहे असा निकाल तत्काळ लागतो. डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला शिकताना येणारी अडचण, ही मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांची भानगड आहे, आपल्याकडे असले काही नसते, असे एका सुशिक्षित पालकांनी मला अगदी सद्भावनेने समजावून सांगितले होते. माझा अनुभव वेगळा आहे. मराठीत डिस्लेक्सिया असतोच; फक्त तो चुकांच्या रूपाने कमी आणि संथपणाच्या रूपाने जास्त दिसतो, आणि संथपणाला आपण अडचण मानत नाही, स्वभाव मानतो.

माझे पद कागदोपत्री ‘विशेष शिक्षिका’ असे आहे आणि संस्थेने मला मानधनावर नेमलेले आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून, परिषदेकडे नोंदणी करून मी या कामात आले. ग्रंथालयाची खोली कपाटांनी दुभागून मला अर्धी दिलेली आहे. तिथे पहिली ते चौथीची मुले दोघे-तिघे मिळून येतात, आणि ती मराठीची तासिका सोडून येतात, चित्रकलेची किंवा खेळाची नव्हे. या एका बाबतीत मी हट्टी आहे. ज्या मुलाला दिवसभरात चित्रकलेच्या तासालाच काय ते ताठ मानेने बसता येते, त्याचा तोच तास काढून घेऊन त्याला वाचन शिकवणे मला पटत नाही.

ज्या लिपीला आपण सोपी म्हणतो तिच्यात सहा-सात वर्षांच्या मुलाला काय काय सांभाळावे लागते, हे एकदा तपशिलात पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. आपल्याकडे ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर चारशेच्या वर आकृत्या होतात आणि जोडाक्षरे अजून बाकीच असतात. या साऱ्या आकृत्या सुट्या सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत, चिन्हे ठरलेली आहेत आणि नियम पक्के आहेत, हे खरे. पण नियम पक्का असणे आणि तो मुलाला ऐन वेळी आठवणे यांत बरेच अंतर आहे. ‘किल्ला’ हा शब्द घ्या. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग क. तोंडाने मात्र आधी क म्हणायचा आणि मग इ. ‘सूर्य’मध्ये र चा उच्चार य च्या आधी होतो, पण त्याची खूण य च्या डोक्यावर बसते. तोच र ‘चक्र’मध्ये तिरकी रेघ होऊन क च्या पायाशी जातो, ‘तऱ्हा’मध्ये आडवा होतो आणि ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली काकपदासारखा लोंबतो. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च डोळ्यांना एकच असून कानांना निराळे असतात. ‘अंक’, ‘पंच’, ‘दंड’, ‘संत’ आणि ‘पंप’ या पाच शब्दांतला टिंब एकच, पण त्याचे उच्चार पाच. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष यांच्यातला फरक एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा आहे. मोठ्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही, कारण त्याच्या बाबतीत हे सगळे फार पूर्वी अंगवळणी पडून गेलेले असते. बहुतेक मुलांच्याही ते दुसरी-तिसरीपर्यंत अंगवळणी पडते. माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत ते पडत नाही. प्रत्येक अक्षर प्रत्येक वेळी नव्याने ओळखावे लागते.

अंकांचा येथे ओझरता उल्लेख करते. आपले ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, आणि ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो तर २५ लिहिताना दोन आधी येतो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर तिची यथेच्छ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलाशेजारी कधी बसावे लागले नसावे. ‘एकवीस’ टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही, पण ज्याला पायरीची गरज आहे त्याला पायरी दिली तर इतरांचे काय जाते, हे मला तेव्हाही कळले नव्हते.

लिपीचा आणि या अडचणीचा संबंध कसा असतो याचा एक नेमका अभ्यास एराल्डो पाउलेसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी डिस्लेक्सिया असलेले इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी भाषक घेतले. इटालियन भाषेत उच्चार आणि लेखन यांचा मेळ फार चांगला आहे, इंग्रजीत तो फार वाईट आहे. अपेक्षेप्रमाणे इटालियन वाचक इतर दोघांपेक्षा सरस ठरले. परंतु त्यांना डिस्लेक्सिया नसलेल्या इटालियन वाचकांशेजारी ठेवले की तेही मागेच पडत होते, आणि वाचताना मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील ज्या भागात इंग्रजी वाचकांची हालचाल मंद दिसली, नेमकी तिथेच त्यांचीही मंद दिसली. म्हणजे मूळ अडचण एकच, लिपीनुसार तिचे बाह्य रूप तेवढे बदलते. मराठी या बाबतीत इटालियनच्या जवळ आहे, पण एका महत्त्वाच्या फरकासह. आपली अक्षरसंख्या मोठी असल्याने ती आत्मसात व्हायला वेळ लागतो. शेजारच्या कन्नडमधील मुलांच्या वाचनाचा अभ्यास सोनाली नाग यांनी केला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अक्षरांचे शिक्षण चौथीपर्यंत चालूच राहते असे दिसते, आणि ज्यांच्या वर्गात सीमेपलीकडचीही मुले येतात त्या आम्हा सांगलीकर शिक्षकांना ते वाचून नवल वाटण्याचे कारण नाही. त्यामुळे दुसरीतले मूल अडखळले की ‘अजून लहान आहे’ असे म्हणता येते, तिसरीत ‘हळूहळू येईल’ असे म्हणता येते, आणि चौथीत ते खरोखरच अक्षरे बरोबर वाचू लागते, फक्त एक ओळ वाचायला त्याला इतका वेळ लागतो की ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचे शब्द डोक्यातून निघून गेलेले असतात. परीक्षक विचारतो, धडा समजला का? मूल म्हणते, नाही. मग त्याला आकलन नाही असा शेरा बसतो. तोच परिच्छेद त्याला वाचून दाखवला तर ते पात्राच्या मनातले कपटही ओळखून सांगते.

ही विसंगती आजची नाही. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत लिहिली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात बरा; पण स्वतःचे नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून ‘प्रेसी’ असे लिहीत असे. त्याच्या शिक्षकांचे मत असे होते की शिक्षण पूर्णपणे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या शिक्षकांना आमच्या भागातील पाठांतराची परंपरा ठाऊक असती, तर त्यांनी आणखी एक भर घातली असती, असे मला नेहमी वाटते. ज्या घरांत संध्याकाळी हरिपाठ होतो किंवा आजी रोज स्तोत्रे म्हणते, तिथल्या मुलांची ऐकून पाठ करण्याची ताकद दांडगी असते, आणि वाचन येत नसलेले मूल ती सारी ताकद वाचन येत असल्याचे दाखवण्यात खर्च करते. बाई धडा एकदा वाचतात, शेजारचा मुलगा दुसऱ्यांदा वाचतो, आणि तिसऱ्या वेळी हे मूल पुस्तकावर बोट फिरवीत तोच धडा सुरात म्हणून दाखवते. बोट आणि तोंड एकाच शब्दावर आहेत का, हे चाळीस मुलांच्या वर्गात कोण पाहणार? दुसरीतली एक मुलगी असा आख्खा धडा मला म्हणून दाखवत होती, आणि मधली एक ओळ मी पट्टीने झाकली तरी तिच्या वाचनात खंड पडला नाही. म्हणून मी पाठ्यपुस्तकातले काहीही वाचायला देत नाही. ‘टमुक’, ‘लिपोडा’, ‘गेरबू’ असे अर्थहीन शब्द लिहून देते. त्यांना पाठांतराचा किंवा अंदाजाचा आधार मिळत नाही. तिथे अक्षरे वाचावीच लागतात.

तपासणीसाठी अधिकृत साधने आता उपलब्ध आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला बरीच वर्षे वापरात आहे, आणि मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली, २०१५ मध्ये उपलब्ध झालेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. पूर्वी इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून मराठी मुलांवर ती लादली जात असे, त्या मानाने ही मोठीच प्रगती म्हणावी लागेल. परंतु कोणत्याही चाचणीच्या आधी मी मुलांचा खेळ ऐकते, आणि त्यातून जे कळते ते कधी कधी चाचणीपेक्षाही स्वच्छ असते.

मधल्या सुट्टीत आमची मुले ‘च’ची भाषा बोलतात. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी लावायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा, एवढाच नियम. पाणी म्हणजे ‘चणीपा’, शाळा म्हणजे ‘चळाशा’, आणि आमचे गाव ‘चगलीसां’. तिसरी-चौथीची मुले ही भाषा इतक्या वेगाने बोलतात की शिक्षकखोलीला तिचा पत्ताही लागत नाही. ज्या मुलाला वाचनाची अडचण आहे, ते या खेळात गप्प उभे असते किंवा नुसता हसण्यात भाग घेते. त्याला शब्द माहीत असतो, त्याचा अर्थ माहीत असतो, पण शब्दाचा आवाज मनात धरून ठेवून त्याचा एक तुकडा सुटा करणे आणि दुसरीकडे चिकटवणे त्याला जमत नाही. भेंड्यांचेही तसेच. गाणी त्याला इतरांपेक्षा जास्त येत असतात, पण गाण्याच्या शेवटच्या शब्दाचे शेवटचे अक्षर कोणते, हे सांगायला त्याला इतका वेळ लागतो की तोवर पलीकडच्या बाजूने मोजणी संपवलेली असते. संशोधक ज्याला ध्वनिजाणीव म्हणतात ती हीच, आणि डिस्लेक्सियाच्या बहुतेक मुलांत नेमके तेच कमकुवत असते. अडचण डोळ्यांत नसते. अनेक पालक आधी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन येतात, ते योग्यच आहे, कारण चष्म्याचा नंबर असेल तर तो कळायलाच हवा. मात्र त्यानंतर डोळ्यांचे व्यायाम, रंगीत काचा आणि स्मरणशक्तीच्या बाटल्या यांवर जो पैसा खर्च होतो, त्यातून वाचन सुधारत नाही.

कोणती चूक डिस्लेक्सियाची नाही, हे ओळखणे या कामातला निम्मा भाग आहे, आणि सांगली जिल्ह्यात तो चांगलाच अवघड आहे. घरी ‘साळा’, ‘पानी’ आणि ‘न्हाई’ असे बोलणाऱ्या मुलाने तसेच लिहिले तर ते अत्यंत प्रामाणिक लेखन आहे. त्याचे कान उत्तम काम करीत आहेत, प्रमाण लेखन त्याला अजून भेटायचे आहे एवढेच. जतकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने ‘खडू’चे ‘कडू’ केले तर त्याच्या घरच्या बोलीत महाप्राण, म्हणजे ख, घ, थ यांसारखे ह मिसळलेले उच्चार, फारसे ऐकू येत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागते. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापांबरोबर फडावर जाणारे मूल दिवाळीनंतर गायब होते ते उन्हाळ्यातच परतते, आणि त्याला वाचता येत नाही याचे कारण त्याच्या मेंदूत शोधणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय ठरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, घरांबरोबर दप्तरेही गेली. आणि २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले तर सुमारे दीड वर्ष वर्गात बसलीच नाहीत. ती तिसरीत आली तेव्हा वर्गच्या वर्ग अडखळत होता, आणि त्या गर्दीत खरोखर डिस्लेक्सिया असलेली मुले अगदी दिसेनाशी झाली. त्या काळात मी एकच कसोटी वापरली: सर्वांना सारखेच, नीट, रोज शिकवावे आणि पाहावे. शाळा बुडाल्यामुळे मागे पडलेली मुले काही महिन्यांत भराभर वर आली. चांगले शिकवूनही जी तिथेच राहिली, त्यांच्याकडे मी वळले.

आता शिकवण्याविषयी. या क्षेत्रात सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या अमेरिकन जोडीचे नाव नेहमी घेतले जाते. १९३० च्या दशकात आकाराला आलेल्या त्यांच्या पद्धतीत मूल अक्षर पाहते, उच्चारते, ऐकते आणि हाताने गिरवते, सगळे एकाच वेळी. प्रशिक्षणवर्गांत यातले वाळूच्या ताटाचे प्रकरण फार लोकप्रिय असते. मीही ताटात रांगोळी पसरून मुलांना बोटाने अक्षरे गिरवायला लावते, मुलांना ते आवडते, आणि आपल्या पंतोजींच्या शाळांतली धूळपाटी ऑर्टनच्या कित्येक पिढ्या आधीची आहे हे आठवून मला जरा बरेही वाटते. पण रांगोळीने डिस्लेक्सिया जात नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उपयोग होतो तो क्रमाचा आणि उजळणीचा. कोणते अक्षर कोणत्या अक्षरानंतर शिकवायचे, हे ठरलेले असावे लागते. घ पक्का झाल्याखेरीज ध समोर आणायचा नाही, भ आणि म यांच्यात काही आठवडे जाऊ द्यायचे, काना स्थिर झाल्यावरच वेलांटीला हात घालायचा. वेलांटीसाठी मी व्यंजनांच्या आणि चिन्हांच्या वेगवेगळ्या पाट्या करून घेतल्या आहेत. मूल आधी ‘क’ म्हणते आणि क ठेवते, मग ‘इ’ म्हणते आणि वेलांटीची पाटी क च्या डावीकडे नेऊन ठेवते. आवाज नंतर, जागा आधी. ही एक गोष्ट हाताला कळायला कधी कधी अख्खी सहामाही जाते.

यातली सर्वांत मोठी अडचण वाचायला द्यायच्या मजकुराची आहे. जेवढी अक्षरे शिकवून झाली आहेत तेवढ्यांतच बसणारा मजकूर मुलाला मिळाला पाहिजे, नाहीतर ते पुन्हा अंदाज बांधू लागते. आमच्या आजोबा-आजींच्या पिढीने गिरवलेली, काना-मात्रा नसलेल्या शब्दांची वाक्ये आज बाळबोध म्हणून हसण्यावारी नेली जातात. मला त्या वाक्यांमागचा विचार पूर्ण पटतो. फक्त त्यांत मुलाला वाचावेसे वाटेल असे काही घडत नसे. म्हणून मी स्वतःच गोष्टी लिहिते. केवळ काना आणि एक मात्रा वापरून चोर, पोलीस न म्हणता येणारा शिपाई आणि हळदीची पोती यांची गोष्ट लिहायला बसले होते, तेव्हा ‘शिपाई’लाच वेलांटी आहे हे लक्षात येऊन त्याचा ‘राखणदार’ करावा लागला. चोर मात्र तसाच राहिला. ओ च्या मात्रेला एका मात्रेत कसे बसवायचे यावर मुलांनी बराच वाद घातला, आणि तो वाद हाच त्या दिवसाचा पाठ झाला.

मिनिटाला किती शब्द, हा प्रश्न अलीकडे सर्व शाळांत आला आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट दिलेले आहे. याविषयी माझे मन दुभंगलेले आहे. एकीकडे मला या मोजणीचे स्वागतच करावे लागते, कारण जे मूल ‘बरोबर वाचते’ म्हणून आजवर सुटून जात होते, ते या मोजणीमुळे प्रथमच कागदावर दिसू लागले. मराठीत डिस्लेक्सिया शोधायचा तर वेगच पाहावा लागतो, हे मी जे वर्षानुवर्षे सांगत आले तेच या उद्दिष्टाने शासकीय भाषेत सांगितले. दुसरीकडे, ही मोजणी वर्गासमोर, मोबाइलवर वेळ लावून, मोठ्याने होऊ लागली की संथ वाचकाचा रोजचा पाणउतारा ठरलेला. घड्याळ पाहून मूल वेगाने वाचत नाही, ते वेगाने अंदाज करते. माझी विनंती एवढीच असते की मोजायचे ते एकट्याला बसवून, शांतपणे, सहामाहीतून एकदा मोजावे, आणि मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदीशी करावी.

पालकांशी बोलणे हा कामाचा नाजूक भाग आहे. तिसरीतल्या एका मुलाचे वडील मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची हमाली करतात. “पोरगं हुशार हाय बाई, पण वाचायचं म्हटलं की अंग चोरतंय,” असे म्हणून ते बसले. मी त्यांना अडचण समजावून सांगितली आणि ही बाब पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते असेही सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “माझंबी आसंच व्हतं. पाचवीत छड्या खाल्ल्या आन् शाळा सोडली. आता कुठल्या अडत्याचं पोतं कुठलं, ते मार्का बघून सांगतो, पण खालचं नाव वाचत न्हाई.” त्या क्षणापासून त्यांनी मुलाला मारणे बंद केले, हे मला मुलाकडून कळले. सर्वच घरांत असे होत नाही. ‘अक्षमता’ हा शब्द ऐकून काही आया उठून जातात. मुलीची आई असेल तर तिच्या मनात पुढच्या सोयरिकीपर्यंतची भीती उभी राहते, आणि त्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही, कारण समाज तसाच वागतो हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

कायदा मात्र आता मुलाच्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचाही, समावेश झाला. प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत तासामागे २० मिनिटे वाढीव वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो. हे प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतरच दिले जाते, आणि त्याला कारणही आहे, कारण त्याआधी उशिरा शिकणारे मूल आणि न शिकू शकणारे मूल यांत फरक करणे धोक्याचे असते. पण काही शिक्षक याचा अर्थ असा घेतात की आठ वर्षांपर्यंत काही करायचेच नाही. शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही. पहिलीत ज्याला ‘बदक’मधला ब काढून ‘दक’ म्हणता येत नाही, त्याच्याबरोबर त्याच आठवड्यात काम सुरू करता येते. पुढे काहीच निघाले नाही तरी त्याचे नुकसान होत नाही.

वर्गशिक्षकांशी माझा एकच जुना वाद आहे, तो लाल शाईचा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इ आणि उ यांतला फरक बोलण्यात फारसा उरलेला नाही, त्यामुळे पहिली की दुसरी वेलांटी हा घोळ वर्गातली सगळीच मुले घालतात, शिक्षकही घालतात, आणि तरीही वहीवरच्या निम्म्या लाल खुणा त्यावरच खर्च होतात. त्या खुणांच्या जंगलात ‘पुस्तक’चे ‘पुतक’, ‘कमळ’चे ‘मकळ’ आणि ‘सूर्य’चे ‘सुय’ हरवून जातात, ज्यांकडे खरे तर पाहायला हवे. वेलांट्या सोडून द्या आणि गळालेली व उलटलेली अक्षरे तेवढी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा, असे मी सांगते. काही जण ऐकतात. एका ज्येष्ठ बाईंनी शुद्धलेखनाचा बळी देणार का, असे विचारले होते, आणि महिनाभराने स्वतःच अशा नोंदींचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यांच्या वर्गातल्या, आजवर कोणाच्याच लक्षात न आलेल्या, शांत बसणाऱ्या एका मुलीचे नाव त्यावर होते. शांत मुली या बाबतीत नेहमीच सुटतात, कारण त्या कोणाला त्रास देत नाहीत.

चौथीनंतर आमची मुले निरनिराळ्या माध्यमिक शाळांत पाचवीला जातात, आणि जाताना मी प्रत्येकाच्या नव्या वर्गशिक्षकांसाठी एक पानाचे पत्र देते. त्यात निदानाचे मोठे शब्द टाळते. त्याला अचानक उभे करून प्रकट वाचन करायला लावू नये, वाचायचा उतारा आदल्या दिवशी सांगावा, फळ्यावरचे उतरवून घ्यायला वेळ द्यावा किंवा शेजाऱ्याची वही द्यावी, इतिहास-भूगोलाची उत्तरे तोंडी विचारून पाहावीत, अशा गोष्टी लिहिते. काही पत्रे दप्तरातच राहतात. काहींची उत्तरे जुलैत फोनवर येतात, आणि त्यांतला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न गणिताच्या शिक्षकांचा असतो: शाब्दिक उदाहरण वाचून दाखवले तर तो सोडवतो, नाहीतर कोरा कागद देतो, तर आम्ही वाचून दाखवावे का? मी सांगते, अवश्य दाखवा, तुम्हाला त्याचे गणित तपासायचे आहे. वाचनाचे पाहायला त्याला शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर माझ्याकडे पाठवून द्या.